घरातली जुनी रायफल आणि सरकारी दप्तर

वारसाहक्क म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जमीन, घर, दागिने आणि बँकेतील ठेवी येतात. त्यांच्यासाठी प्रशासनाने ठरलेल्या वाटा आखून ठेवल्या आहेत: फेरफार, वारस दाखला, नामनिर्देशन, मृत्युपत्राची सिद्धता. परंतु काही घरांत या यादीत न बसणारी एक वस्तू असते. माळ्यावरच्या पेटीत कापडात गुंडाळलेली, किंवा खंडेनवमीला तेवढी बाहेर काढून हळद-कुंकू वाहिलेली एखादी जुनी लष्करी बंदूक. घरातले वडीलधारे गेले, मुले बंगळूर, दुबई किंवा न्यू जर्सीला स्थायिक झाली, गावचा वाडा विकायला काढला, की ही वस्तू पुढे येते आणि तिचे काय करायचे हे कोणालाच सांगता येत नाही.

मी राहतो त्या व्हाइटफील्डमध्ये आता बरीच मराठी कुटुंबे आहेत. शस्त्रपरवान्याच्या कामाशी माझा नोकरीत संबंध आला नाही. तरी सरकारी अधिकारी म्हणून हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. विचारणाऱ्याचे शब्दही ठरलेले असतात: 'आजोबांची रायफल आहे, गंजली आहे, दुरुस्त करून दिवाणखान्यात लावावी म्हणतो.' या साध्या वाटणाऱ्या वाक्यात इतिहासाचे आणि कायद्याचे अनेक प्रश्न दडलेले आहेत. त्यांची उत्तरे शोधायची तर थोडे मागे जावे लागते.

व्हाइटफील्ड, कोडगू आणि हलगली

व्हाइटफील्ड हे गाव १८८२ सालचे. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वाडियार यांनी युरेशियन अँड अँग्लो-इंडियन असोसिएशनला शेतीप्रधान वसाहतीसाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. संस्थेचे प्रणेते डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून गावाला नाव पडले. त्याआधी चारच वर्षे, १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लिटन यांच्या काळात शस्त्र कायदा झाला होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील भारतीयाला बंदूक बाळगायची तर परवाना आवश्यक झाला. युरोपीय आणि युरेशियन लोकांना मात्र त्यातून सूट मिळाली. म्हणजे ज्या समाजासाठी ही वसाहत उभी राहिली, त्या समाजाला शस्त्राच्या बाबतीत केवळ जन्मावरून वेगळा नियम होता. जवळच्या बंगळूर छावणीत १८६८ पासून 'बंगलोर रायफल व्हॉलंटियर्स' ही नागरिकांची पलटण होती. १९२० च्या कायद्यानंतर अशा पलटणी ऑक्झिलरी फोर्समध्ये सामील झाल्या आणि स्वातंत्र्याबरोबर हे दल संपले.

शेजारच्या कोडगूचा नियम निराळाच. १८५७ मध्ये कोडव समाज ब्रिटिशांशी एकनिष्ठ राहिला, म्हणून १८६१ मध्ये मार्क कबन यांच्या प्रशासनाने त्यांना शस्त्रबंदीतून वगळले. ही सूट स्वातंत्र्यानंतरही टिकली. केंद्र सरकारने २०१९ मध्ये तिची मुदत २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली.

तिसरे उदाहरण उत्तर कर्नाटकातले, मराठी संस्थानांच्या मुलखातले. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेडरांनी १८५७ च्या शस्त्रे जमा करण्याच्या हुकुमाला नकार दिला. बंदूक आणि तलवार हा त्यांच्या उपजीविकेचा आणि प्रतिष्ठेचा भाग होता. नोव्हेंबर १८५७ मध्ये फौजेने गाव जाळले आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना पुढच्याच महिन्यात फाशी देण्यात आली. त्यांच्यावरचे कन्नड लोकगीत पुढे जॉन फेथफुल फ्लीट या सनदी अधिकाऱ्याने संग्रहित केले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. पुढच्याच वर्षी नरगुंदचे मराठी संस्थानिक भास्करराव भावे यांनी बंड केले. दत्तकाला नाकारलेली मंजुरी हे त्याचे मोठे कारण. पण शस्त्रे काढून घेण्याच्या धोरणाचा सलही त्यात होता. मे १८५८ मध्ये पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला आणि जूनमध्ये भास्कररावांना बेळगावला फाशी झाली.

आजच्या एकाच राज्याच्या हद्दीत एकाच काळात एका समाजाला वंशामुळे सूट, दुसऱ्याला निष्ठेमुळे सूट आणि तिसऱ्याला संशयामुळे फाशी. कोणाच्या हाती बंदूक असावी, हा प्रश्न त्या काळच्या प्रशासनाने शस्त्र पाहून सोडवला नाही; माणूस पाहून सोडवला. घरातली जुनी बंदूक ओळखायची तर ही पार्श्वभूमी हाताशी असावी लागते, कारण तिचे ठसे त्या बंदुकीवरही उमटलेले आहेत.

लोखंडात उतरलेला अविश्वास

१८५३ च्या एनफिल्ड रायफलीची काडतुसे १८५७ च्या उठावाचे निमित्त झाली हे आपण शाळेत शिकलो. त्यानंतर काय झाले हे फारसे कोणी सांगत नाही. हिंदी शिपायांसाठी दिसायला तशाच, पण नळीच्या आत मळसूत्री आटे नसलेल्या एनफिल्ड बंदुका देण्यात आल्या. आटे असले की गोळी स्वतःभोवती फिरत दूरवर नेमकी जाते. 'रायफल' हे नावच त्या आट्यांवरून आले. आटे नसले की पल्लाही घटतो आणि नेमही. म्हणून कोणी 'अठराशे सत्तावन्नच्या काळातील एनफिल्ड' दाखवली, तर नळीचे तोंड उजेडाकडे करून आटे आहेत की नाहीत हे पाहावे. गुळगुळीत नळी आढळली तर ती बंदूक नकली ठरत नाही. उलट ती त्या अविश्वासाचा अस्सल पुरावा असू शकते.

पुढेही गोऱ्या पलटणींपेक्षा हिंदी पलटणींना एक पिढी मागचे हत्यार देण्याची रीत राहिली. त्यांच्याकडे मार्टिनी-हेन्री तेव्हा आपल्याकडे स्नायडर. त्यांच्याकडे ली-मेटफर्ड तेव्हा आपल्याकडे मार्टिनी. म्हणून घरातली बंदूक कोणत्या वर्षी बनली एवढ्यावरून ती कोणाच्या हातात होती हे ठरत नाही. ती कोणत्या वर्षी कोणाला दिली गेली, हे वेगळे पाहावे लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमधील ईशापूर येथे रायफल कारखाना सुरू झाला आणि आपल्याकडे 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून घरोघरी माहीत असलेली ली-एनफिल्ड तेथे बनू लागली. दोन महायुद्धांत ती आपल्या जवानांकडे होती आणि नंतर कित्येक दशके पोलिसांच्या खांद्यावर राहिली.

ठसे कसे वाचावेत

बंदूक ओळखण्याची सुरुवात एका खबरदारीने होते. ती भरलेली आहे असे समजूनच हाताळावी. ठासणीच्या बंदुका भरून ठेवण्याची सवय खेड्यांत होती आणि दारू-गोळी पन्नास वर्षांनंतरही नळीत तशीच असू शकते. जाणकार शस्त्रकार नळीत लाकडी गज सोडून आतली लांबी मोजतात आणि बाहेरच्या लांबीशी ताडून पाहतात. फरक पडला तर आत काहीतरी आहे. हे काम परवानाधारक शस्त्रकाराकडूनच करून घ्यावे.

मग पाहायचे ते बंदूक कशी भरते आणि ठिणगी कशी पडते. तोंडातून भरणारी ती ठासणीची, मागून भरणारी ती काडतुसाची. ठासणीच्या बंदुकीत जळता दोर असेल तर तोड्याची, गारगोटी असेल तर चकमकीची, तांब्याची टोपी असेल तर केपाची. एवढ्याने ढोबळ काळ समजतो.

त्यानंतर ठसे. चकमकीच्या बंदुकीच्या कळपट्टीवर मुकुट धरलेला उभा सिंह असेल तर ती ईस्ट इंडिया कंपनीची, एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी कंपनी हृदयाच्या आकाराचे चिन्ह वापरत असे. रुंद बाणाचे चिन्ह म्हणजे सरकारी मालकी आणि त्या बाणाखाली रोमन 'आय' असेल तर हिंदुस्थान सरकार. ली-एनफिल्डवर दस्ता धातूला मिळतो तेथे उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना आणि साल असते. व्हिक्टोरियासाठी 'व्ही. आर.', एडवर्डसाठी 'ई. आर.', जॉर्जसाठी 'जी. आर.'; ईशापूरच्या रायफलीवर 'जी. आर. आय.' अशी अक्षरे आढळतात, त्यांतला 'आय' सम्राटपदाचा. प्रजासत्ताकानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

या ज्ञानाचा उपयोग खोटे पकडण्यासाठीही होतो. वायव्य सरहद्दीवरच्या गावठी कारागिरांनी इंग्रजी बंदुकांच्या हुबेहूब नकला केल्या. पण अक्षरओळख नसल्याने ठशांत अक्षरे उलटी पडली. 'व्ही. आर.' आणि शेजारी १९०५ साल असेल तर शंकेला जागा नाही, कारण राणी व्हिक्टोरिया १९०१ मध्ये वारली.

घराण्यातल्या कथेची परीक्षाही हे ठसेच घेतात. 'आजोबांनी महायुद्धातून आणली' ही कथा मी अनेक घरांत ऐकली आहे. परंतु सैनिकाची रायफल सरकारी मालमत्ता असे. निवृत्तीच्या वेळी ती परत जमा होई. घरात आलेली लष्करी बंदूक बहुधा दुसऱ्या वाटेने येते: संस्थानी फौजेतून, सरकारी विक्रीतून, एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याकडून खरेदी म्हणून किंवा इनाम म्हणून. दोन रुंद बाणांची टोके एकमेकांना भिडलेली दिसली तर ती बंदूक लष्कराने रीतसर विकून टाकलेली आहे. त्यामुळे आजोबांचा पराक्रम कमी होत नाही. फक्त बंदूक घरात येण्याची वाट वेगळी होती एवढेच समजते. तशी नोंद जुन्या परवान्याच्या पुस्तकात किंवा खरेदीच्या पावतीत सापडण्याची शक्यता असते, म्हणून ते कागद बंदुकीइतकेच जपावेत.

बोअरवरून ठरणारा गुन्हा

आता कायदा. १८७८ च्या कायद्याविरुद्ध काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासून ठराव केले आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असावा असे म्हटले. पण डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णू कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. परक्या सत्तेने एका राष्ट्राला निःशस्त्र करणे वेगळे आणि स्वतंत्र देशाने शस्त्र कोणाकडे असावे याचे नियमन करणे वेगळे, अशी ती भूमिका होती. ती मान्य झाली. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि ऑक्टोबर १९६२ पासून नियमांसह अंमलात आला.

या कायद्यात माणसाच्या वंशाची जागा शस्त्राच्या प्रकाराने घेतली. ठासणीची बंदूक शेतीसंरक्षणासाठी तुलनेने सहज मिळू शकते. कोकणातल्या वाचकांना हे परवाने परिचित आहेत. सैन्याची काडतुसे ज्यातून उडू शकतात त्या रायफली मात्र प्रतिबंधित बोअरच्या ठरतात. .३०३ त्यात येते. ली-एनफिल्डचीच नळी बदलून पोलिसांसाठी केलेले .४१० चे मस्केटही येते. याउलट ऑर्डनन्स फॅक्टरीने नागरिकांसाठी काढलेली .३१५ ची स्पोर्टिंग रायफल दिसायला ली-एनफिल्डच्या कुळातली, पण साध्या परवान्यावर चालते. या विचाराची मुळे जुनी आहेत: मार्टिनीची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी आली आणि लंडनच्या बंदूककारांनी केवळ आपल्या बाजारासाठी .४७० सारखे नवे बोअर काढले.

यावरून ओळख पटवणे का महत्त्वाचे, हे लक्षात येईल. बाहेरून जवळपास सारख्या दिसणाऱ्या दोन रायफली. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधी रायफल विनापरवाना बाळगल्यास दोन ते पाच वर्षे आणि प्रतिबंधित बोअरची बाळगल्यास सात ते चौदा वर्षे तुरुंगवासाची तरतूद आहे.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाने शस्त्र विनाविलंब नजीकच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि मग स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करावा, ही सरळ वाट आहे. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असले, तरी तो हयातीतच वारसाकडे ते सोपवण्यासाठी अर्ज करू शकतो. ही तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. २०१९ पासून एका व्यक्तीस दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. प्रतिबंधित बोअरचा निर्णय केंद्र सरकारकडे असतो. भावंडांपैकी काहीजण परदेशी असतील तर भारतात राहणाऱ्याने अर्ज करून इतरांची संमती जोडणे सोयीचे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, हे न्यू जर्सीच्या दिवाणखान्याचा विचार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुरुस्ती आणि जतन यांतील सीमा

कायद्याच्या ४५ व्या कलमात एक महत्त्वाचा अपवाद आहे. कालबाह्य पद्धतीचे, पुरातन मूल्याचे किंवा मोडकळीस आलेले जे शस्त्र दुरुस्तीसह अथवा दुरुस्तीशिवाय अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नाही, त्याला हा कायदा लागू नाही. यातील 'दुरुस्तीसह' हा शब्द पुन्हा वाचावा. केवळ गंजलेली किंवा घोडा तुटलेली बंदूक या अपवादात बसत नाही, कारण ती दुरुस्त होऊ शकते. वापराची क्षमता नसण्याची अट तिन्ही प्रकारांना लागू आहे असे धरून चालणे वारसाच्या हिताचे. निर्णय आपण करू नये. तपासणी करून लेखी घ्यावा.

येथे 'दुरुस्त करून लावावी' या इच्छेतील धोका स्पष्ट होतो. मोटार किंवा घड्याळ दुरुस्त केले तर त्याची किंमत वाढते. बंदूक चालू स्थितीत आणली तर जी वस्तू कदाचित अपवादात बसली असती ती पुन्हा अग्निशस्त्र होते. शिवाय शस्त्रदुरुस्तीलाच परवाना लागतो. गावातल्या लोहाराकडे किंवा हौशी मित्राकडे ते काम देता येत नाही.

आणखी एक योगायोग मला लक्षणीय वाटतो. जगभरचे संग्रहालयतज्ज्ञ सांगतात की जुन्या शस्त्राला पॉलिश कागद लावू नये, चक्रावर घासू नये, नवा काळा रंग चढवू नये, कारण त्याने ठसे पुसले जातात आणि ठशांबरोबर इतिहास जातो. आपल्या कायद्याचे आठवे कलमही शस्त्रावरील नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे अथवा बदलणे हा गुन्हा मानते. इतिहासकाराला आणि पोलिसाला येथे एकच गोष्ट हवी आहे.

म्हणून योग्य शब्द दुरुस्ती हा नव्हे, जतन हा आहे. शस्त्र कायदेशीररीत्या ताब्यात असेल तर करायचे ते एवढेच: सुती हातमोजे घालून हाताळणे, कारण घामातील क्षारांनी गंज धरतो, मऊ कापडाने धूळ काढून धातूवर हलक्या तेलाचा पातळ हात देणे, लाकडी दस्ता कोरडा पडला असेल तर जवसाच्या तेलाचे एक-दोन बोट, आणि चामड्याच्या म्यानात न ठेवणे, कारण चामडे ओल धरते. कोकणाच्या पावसाळ्यात हे शेवटचे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. घट्ट बसलेला गंज तसाच राहू द्यावा. तेल लावून त्याची वाढ थांबली की पुरे. आणि 'एकदा उडवून पाहू' हा मोह कदापि नको. जुनी नळी फुटून हात गेलेल्यांच्या कथा खोट्या नसतात.

प्रशासनाने काय करावे

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या प्रश्नात प्रोत्साहनांची रचना उलटी दिसते. प्रामाणिक वारसाला शस्त्र जाहीर केल्यास फेऱ्या, शंका आणि विलंब. लपवल्यास तूर्त काहीच खर्च नाही. अशा स्थितीत काही कुटुंबे गप्प बसतात, तर काही बंदूक विहिरीत टाकून मोकळी होतात. जी जमा होतात ती मुद्देमालाच्या खोलीत वर्षानुवर्षे गंजतात. सुरक्षाही साधत नाही आणि इतिहासही वाचत नाही.

इतर देशांनी वेगवेगळे मार्ग काढले. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक 'प्राचीन' धरली जाते. ब्रिटनमध्येही प्राचीन शस्त्रांसाठी वेगळी तरतूद आहे. नेपाळमध्ये काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातील हजारो बंदुका २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या. आपल्याकडील एनफिल्डच्या काळातील वस्तू आज परदेशी संग्राहकांच्या घरी आहेत. आपण यातील कोणताही मार्ग जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणणार नाही. आपला समाज आणि आपली पोलिस व्यवस्था वेगळी आहे आणि सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी आंबेडकरांनी दाखवलेली सावधगिरी आजही योग्य आहे.

परंतु तीन गोष्टी मोठा खर्च न करता होऊ शकतील. पहिली, ठरावीक मुदतीत वारशाचे शस्त्र जाहीर करणाऱ्यावर केवळ ते बाळगल्याबद्दल खटला न भरण्याचे अभय. दुसरी, पोलिस शस्त्रकार आणि संग्रहालयाचा अभ्यासक यांची जिल्हा पातळीवरील संयुक्त तपासणी. तिने बोअर, काळ आणि स्थिती यांचा एकच लेखी दाखला द्यावा. तिसरी, ठसे न पुसता शस्त्र कायमचे निकामी करण्याची अधिकृत पद्धत, जेणेकरून कुटुंबाला ते घरी ठेवता येईल किंवा संग्रहालयाला देता येईल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्था आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीसारखी रेजिमेंटल केंद्रे अशा वस्तूंची मोल जाणणारी आहेत.

तोवर वाचकांना एकच सुचवणे. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा घरात असे काही आहे का ते विचारा. असल्यास बंदुकीला हात लावण्यापूर्वी कपाटातला जुना परवाना शोधा. जाणत्या आत्या-काकांकडून ती घरात कशी आली हे लिहून घ्या, दिसतील त्या ठशांची छायाचित्रे काढा आणि परवानाधारक विक्रेता किंवा पोलिस ठाणे यांच्याकडे ते कागद घेऊन जा. हे काम वडीलधारे हयात असताना करणे सर्वांत सोपे आहे. त्यांच्या पश्चात तोच प्रश्न वारसांना पोलिस ठाण्यात आणि कधीकधी न्यायालयात सोडवावा लागतो.